मिनूची गाडी आणि हिच्या मीठ-मोहऱ्या

११ जाने.
नाही, भ्यालो नाही. मिथेनॉल नको म्हटलं म्हणजे म्हातारा भ्याला, असं नाही. चाळीस वर्षं फ्रीगंजातल्या गॅरेजात इंजिनं खोललीत. इंजिन पेट्रोलच्या दुप्पट पितं ते. हवेतलं पाणी ओढतं. टंकीत राहिलं की ॲल्युमिनियम खातं, कार्बोरेटरमध्ये पांढरा चुरा. नातीला रेसच्या गाडीत तेच हवं. म्हणते, "आबा, पण इंजिन थंड राहतं, ताकद वाढते." मिनूला फक्त फायदे पाठ.

१४ जाने.
संक्रांत. थंडी फार. गाडी स्टार्टच होईना, मिथेनॉलचं हेच. कार्बोरेटरच्या तोंडात जरा पेट्रोल घातलं तेव्हा बोलली. मी हसलो, मिनू नाही. आमच्या हिने तीळगूळ पुढे केला. मिनू, "थांब आजी, हात धुते." बरोबर. विष आहे ते, डोळे जातात.

१९ जाने.
गावाबाहेर ट्रायल. भर दुपार. टंकी भरताना मिनूकडून सांडलं, गरम सायलेन्सरवर, थोडं पँटवर. काही दिसलं नाही. तेवढ्यात हिचं दृष्ट काढणं. ट्रायलचा झेंडीवाला ओरडला, "अम्मा, पीछे हटो." ही कुठली हटते. मी म्हटलं, नाटकं बंद कर. हिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिनूच्या पायाशी टाकल्या. चूल नाही, विस्तव नाही, मोहऱ्या तडतडल्या.
ही म्हणाली, "बघा, केवढी लागली होती पोरीला."
मग पिवळं दिसलं. मिठाने जाळ पिवळा होतो; मीठ पडलं तेवढाच पिवळा. बाकी जाळ उन्हात दिसतच नाही, धूर पण नाही. पँट पेटलेली अन् पोर उभी.
बादली ओतली. पाण्याने विझतं, तेवढं एक बरं.

२० जाने.
पोटरीवर रुपयाएवढा फोड. मलम लावलं.
मिनू म्हणाली, "आबा, तुम्ही म्हणाल तसं."
असं कधी बोलत नाही ती. मला नाही आवडलं. भांडायची तीच बरी.

२३ जाने.
परवा रेस. टंकी रिकामी केली, सगळं पेट्रोलने धुतलं. कार्बोरेटरचे दोन्ही जेट, इंधन सोडणाऱ्या तोट्या, पुसून तिच्यासमोर ठेवले. पेट्रोलचा बारीक, मिथेनॉलचा मोठा. म्हटलं, गाडी तुझी, तू उचल.
हिने टूलबॉक्समध्ये मिठाची पुडी ठेवलीय. काढली नाही. टावर चौकातून अजून एक किलो मीठ आणलं, आणि दोन बादल्या.
मिनूने कुठला जेट उचलला ते तिच्या आईने फोनवर तीनदा विचारलं. तिला नाही सांगितलं. इथेही लिहिणार नाही.