पाचवी खुंटी

नेसहाइम, हार्डांगर
ता. ३ जून १८८७

चि. आयविंद यास,
अनेक आशीर्वाद.

टोरब्योर्गचं लग्न पंचवीस तारखेला ठरलं. तुझी भाची आता नवरी होणार. घरचा चांदीचा पेला आगबोटीने पाठवते आहे. झाकणाची बिजागरी ढिली झाली आहे आणि झाकण उघडायला अंगठा टेकतो तो सिंह झिजून मांजर झालाय. बाबांना सांगितलं की बर्गनचा एक सोनार नीट करून देईल. कोणता सोनार, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शेत सोडून तू सोनाराची हातोडी धरलीस त्याला बारा वर्षं झाली, पण या घरात तुझं नाव निघत नाही. लग्नाला ये असं लिहायची मला मुभा नाही. त्याचं वाईट वाटतं.

माया होती तेवढीच आहे.
तुझी ताई,
गुडवेग

बर्गन
ता. १४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बिजागरी बसवली, सिंहाला नाक दिलं. भोवती कोरलेली ट्यूलिपची फुलं नुसती पुसली. जुन्या कारागिराच्या रेघेवर रेघ ओढायची माझी छाती नाही.

आतल्या खुंट्या वरून खाली मोजल्या, ज्याने त्याने आपल्या खुंटीपर्यंत प्यायचं त्या; पाचवी मात्र नव्हती. पहिली आजीची (नव्वदीतही ती कोणाला देत नसेल), मग बाबा, आई, तू, आणि पाचवी माझी. मोडली असावी. आठ खुंट्यांचा पेला सात खुंट्यांनी परत पाठवला तर लोक मला हसतील, म्हणून नवी बसवली. त्यात दुसरं काही नाही.

लोभ ठेवतेसच, म्हणून मागत नाही.
तुझा,
आयविंद

नेसहाइम
ता. २७ जून

चि. आयविंद यास,
अनेक आशीर्वाद.

खुंटी मोडली नव्हती. तू गेलास त्या आठवड्यात बाबांनी नाल काढायच्या पकडीने ती उपटली होती. पकडीचे ओरखडे तुला दिसले नाहीत, हे दुसऱ्या कोणाला सांग.

पेला आला तेव्हा बाबांनी आत बोट घालून एकेक खुंटी चाचपली. पाचवीवर थांबले आणि पकड मागितली. मी दिली आणून. दोन दिवस ती पेल्याशेजारी पडून होती.

लग्नात पेला फिरला. आजी, बाबा, आई, मी, जो तो आपल्या खुंटीपर्यंत प्यायला. माझ्यानंतर तो वऱ्हाडाकडे जायचा होता. बाबांनी माझ्या हातून घेतला आणि झाकण लावलं. पाचवी झाल्याशिवाय सहावी नाही, एवढंच म्हणाले. नवरदेवाच्या काकांनी बिजागरी अडकली का, असं विचारलं. तिघे पाहुणे कोरड्या घशाने बसले, त्यांचे टोमणे अजून चालू आहेत.

पकड तबेल्यात परत गेली. पेला तळघरात आहे, बिअरसकट. तुझं नाव बाबांनी घेतलेलं नाही. गुरुवारची आगबोट धक्क्याला किती वाजता लागते, हे मात्र दोनदा विचारलं.

आता लोभ पत्रातून पुरे.
गुडवेग

बर्गन
ता. २९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आणि मी बहुधा एकाच बोटीने पोचू. बिअर आंबली म्हणून कोणी ओतून देऊ नका. माझ्या खुंटीपर्यंतची मी पिईन.

आयविंद