साक्षगंधाचा फोटो

एटापल्ली, सोमवार

प्रिय आई, सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. बाबांचा गुडघा कसा आहे? तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून लिहिते.

व्हिसा नाकारला. कागद सगळे बरोबर होते. अडलं साक्षगंधाच्या फोटोवर. साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी आदेश नोकरीवर अमेरिकेला परत निघणार होता, म्हणून त्याची आई म्हणाली होती, "पोरगा उडून राह्यला, पोत घालूनच टाकू." आम्ही भेटल्याचा पुरावा म्हणून पोत घालतानाचा तोच फोटो मी जोडला. अधिकारी म्हणाला, हा व्हिसा साखरपुडा झालेल्यांचा, गळ्यात मंगळसूत्र म्हणजे तुमचं तर लग्न झालेलं दिसतं. बायको म्हणून अर्ज करायला लग्नाची नोंद लागते, आणि आदेशला दोन वर्षं इकडे येता येणार नाही. फोनवर आदेश एवढंच म्हणाला, "तो फोटो काऊन दिला?"

इथे वायरमन गुलाबभाऊ रोज विचारतात, "म्याडम, सासरी कधी?" मी मीटरचे आकडे लिहीत राहते.

सबस्टेशनात अंगावर धातू चालत नाही, म्हणून ड्युटीचे आठ तास पोत डबीत असते. शुक्रवारी ड्युटी संपल्यावरही मी ती घातली नाही.

पुढच्या रविवारी बल्लारपूरला येते. डबी सोबत आणीन. पोत घालायची की परत करायची, हे या वेळी मला विचारून ठरवा.

तुझी,
रोशनी