बिननावाची बटणं

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. आधी घडलं ते क्रमाने.

१. गेल्या आठवड्यात सोमवारी आपल्या ऑनलाइन दुकानाला वकिलाची नोटीस आली. पाठवणारे गणिताचे शिक्षक, जन्मांध.
२. मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तू त्यांच्या घरात शिरलास.
३. त्यांना भिंतीवर आपटलंस. मग त्यांचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबून खण लाथेने बंद केलास. दोनदा.
४. दोन बोटं मोडली. तर्जनीचं टोक गेलं. ब्रेल ते याच बोटाने वाचतात.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तू मामाकडे कामासाठी गेलायस असं ती समजते आणि तरी रोज तुझं ताट झाकून ठेवते.

त्यांना फक्त एक किटली घ्यायची होती. त्यांच्या फोनमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज असतो. आपल्या बटणांवर नुसती चित्रं आहेत, नावं मी दिलीच नव्हती. त्यामुळे तो आवाज ‘बटण, बटण, बटण’ एवढंच म्हणत राहायचा. आठ महिन्यांत त्यांनी आठ तक्रारी केल्या. मी जेवताना तुला सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, “अगं मीटरबाई, सगळं मोजत बसतेस, उद्या आंधळ्यांसाठी आरसेही विकायला ठेवू का?” वहिनीने तुझ्याकडे डोळे वटारले. मी हसले. हे लिहायलाच हवं, की मी हसले. एका तक्रारीला तेवढं उत्तर दिलं: क्षमस्व सर, लवकरच करते. केलं नाही.

नोटिशीचं तू पहिलंच पान वाचलंस. भेदभाव, कायदा, न्यायालय. तुझं डोकं तिथेच फिरलं. “दुकान बुडवायला निघालाय हा,” म्हणून तू कपाटाचं दार दाणकन आपटलंस. दुसऱ्या पानावर होतं: साठ दिवसांत दुरुस्ती करा, आम्ही न्यायालयात जाणार नाही. काम सहा तासांचं होतं. काल बसून संपवलं.

तो आंधळा, आपल्याला काय ओळखणार, असं तुला वाटलं असेल. दादा, त्या वेळी ते वकिलासाठी आपल्याच दुकानाचं ध्वनिमुद्रण करत होते. फोन टेबलावर होता. मी अठरा मिनिटं ऐकली. बटण, बटण, मग दार, मग तू. हाड मोडल्याचा आवाज खणाच्या आवाजापेक्षा बारीक असतो. त्यावर तू ओरडतोस, “दाब आता बटण! दाब ना!” आणि तो निर्जीव आवाज मध्येच शांतपणे म्हणतो, ‘बटण’.

हे त्यांनी अजून पोलिसांना दिलेलं नाही. इस्पितळातून मला पाठवलं, सोबत एक ओळ: ‘हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे का? चुकीच्या माणसाचं नाव मला घ्यायचं नाही.’

मी नववीत असताना मला त्रास देणाऱ्या मुलाचं तू नाक फोडलंस. मी आठवडाभर ताठ मानेने फिरले. त्याचं नाव आणि घरी जायची वाट तुला मीच सांगितली होती, आणि तू काय करशील ते मला माहीत होतं.

सोमवारी रात्री तू मास्तरांचा पत्ता मागितलास. माफी मागून येतो, म्हणालास. माझा विश्वास बसला नव्हता. तरी मी तक्रारींच्या नोंदींतून पत्ता काढून तुला पाठवला. या शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी त्यांना उत्तर देणार आहे: आवाज माझ्या भावाचा, पत्ता मी दिला. त्याआधी तू स्वतः चौकीत जावंस असं मला वाटतं. मी बरोबर येईन, माझंही सांगायचं आहे. येतोस की नाही, ते गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.

तुझीच,
धाकटी