सदतीस अंशांवर जिवंत

सोमवार संध्याकाळ, परळ

माशीच्या आतड्यातले आमचे एकपेशीय परजीवी पंचवीस अंशांवर वाढतात. शुक्रवारी माझ्याकडून एक बाटली चुकून सदतीसच्या इन्क्युबेटरमध्ये राहिली. सदतीस, म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. आज सगळे मेलेले दिसायला हवे होते. बहुतेक होतेही, पण काही शेपटी हलवत पोहत होते.

लॅब सांभाळणाऱ्या सुनीताताईंनी विचारलं, "अगं, हे माणसात येत नाहीत ना?"

"नाही," मी म्हणाले. कशाच्या जोरावर?

सरांना फोन केला. ते म्हणाले, "ग्लोव्ह्जशिवाय कुणी हात लावू नका."

वळून पाहिलं. सुनीताताई उघड्या हातांनी याच परजीवींच्या जुन्या बाटल्या धूत होत्या. कोळंबी सोलताना त्यांच्या बोटाला झालेली जखम अजून ओली होती.