खारवलेली पुस्तकं

३ जानेवारी
सव्वीस तारखेला समाजाच्या हॉलमध्ये वाचनालय सुरू होणार. कमिटीने एकमताने ठरवलं: पुस्तकं माझी, नाव बाबांचं, विठोबा स्मृती वाचनालय. भाषण अर्थातच मी करणार.

बाबांना अक्षर येत नव्हतं. पण चांगली मासळी लागली की मुंबईहून येताना माझ्यासाठी एक पुस्तक आणायचे. जाडी बघून घ्यायचे. अशी पेटीभर झाली. मी सगळी वाचली आहेत. म्हणजे चाळली आहेत. जाणकाराला तेवढं पुरतं.

पेटी दिघीला केसरताईकडे. तिचं घर खाडीला चिकटून, दमट. माझी पुस्तकं तिथे सुरक्षित नाहीत. परवा घेऊन येतो.

५ जानेवारी, संध्याकाळी
ताईने पुस्तकं बाबांच्या जुन्या लुंगीत बांधून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली होती. एकालाही कसर नाही. निव्वळ नशीब. म्हणाली, "र्‍हाऊ दे की हितंच, सव्वीसला घिऊन येते." बहिणीचा जीव, दुसरं काय. पाला फेकला, लुंगी तिला दिली, पुस्तकं खोक्यात भरून स्कूटरला बांधली. कोळ्याची गाठ आहे, सुटायची नाही, असंही सांगितलं.

फेरीबोटीतून व्यवस्थित आलो. आगरदांड्याला उतरताना स्कूटर उडाली. खोका पाण्यात.

गाठ सुटलेली नाही. खोका फाटला. हे नीट लिहून ठेवतो, कारण गावात उलटं बोललं जाईल.

माझ्या बायकोचा, कल्पिताचा भाऊ सुजित जवळच बोटीवर होता. त्याने जाळं टाकून सगळी पुस्तकं काढली. सोबत दोन बोय मासेही लागले. कल्पिताने त्यांचं कालवण केलं. छान झालं होतं.

६ जानेवारी
घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या सात पिढ्या मासळी टिकवत आल्या. कागद तर मासळीपेक्षा साधा. कागदाला काटा नाही.

कल्पिता सुक्या मासळीचा धंदा करते, पण तिला दूरदृष्टी नाही. म्हणते, पंख्याखाली बसून एकेक पान सुटं करा. एवढा वेळ कुणाला आहे? तिच्या बोंबलांच्या दोरीवर मधल्या जागा होत्या, तिथे पुस्तकं टांगली.

९ जानेवारी
वाळली. वाळून दुप्पट फुगली. बाबांना जाड पुस्तकं आवडायची, त्यांना आनंदच झाला असता. कावळ्यांनी काही कव्हरं नेली. मांजर एका कादंबरीपाशी दोन दिवस बसून आहे.

वास येतो, हे मान्य. पण वाचनालय कोळीवाड्यात आहे. कुणाच्या लक्षात येणार?

१२ जानेवारी
बुरशी. थोडीशी. म्हणजे सगळ्यांवर.

उपाय सकाळी चहा पिताना सुचला. इतका सोपा की लाज वाटली. मीठ! खारवलेला मासा वर्षभर टिकतो. गोणभर जाडं मीठ आणलं, पानापानांत भरलं. कल्पिता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, हळदपण लावा. मी दुर्लक्ष केलं.

१४ जानेवारी
मिठाने आपलं काम चोख केलं. हवेतलं सगळं पाणी ओढून घेतलं. पुस्तकांत.

संक्रांतीला ताईचा फोन. पुस्तकं कशी आहेत? म्हटलं, मुरतायत.

१६ जानेवारी
सुजितने मोबाईलवर बघितलं: परदेशात भिजलेली पुस्तकं बर्फात ठेवतात. मी त्याला समजावलं की परदेशात दमट हवा नसते, त्यामुळे त्यांना यातलं काही कळत नाही. दुपारी पुस्तकं धुऊन त्याच्या बर्फाच्या पेटीत ठेवली. झाकणावर काही लिहिलं नाही. उगाच चर्चा नको.

१८ जानेवारी
सुरमईच्या पेट्यांबरोबर तीही पेटी गाडीत चढली. पहाटे मुंबईहून दलालाने सुजितला फोन करून विचारलं, हा माल कुठला? सुजित मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. मेहुणा आहे.

संध्याकाळी पेटी परत आली. बर्फ वितळला होता, शिलाया सुटल्या होत्या. बरीचशी पुस्तकं म्हणजे आता भिजवलेला पाव आहे. एका कादंबरीची पानं मात्र सुटी पण वाचण्यासारखी. एक तर एक. वाचनालयाची सुरुवात एका पुस्तकानेही होते.

१९ जानेवारी
त्या कादंबरीचं एकेक पान जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घालून ठेवलं. मधला कागद पाणी शोषतो. या वेळी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे. कल्पिताला मुद्दाम सांगितलं नाही, ती टोकते.

२१ जानेवारी
कल्पिता सुका जवळा घेऊन तळा गावच्या बाजाराला गेली. प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी, म्हणून पुड्या बांधायला रद्दीचा तोच गठ्ठा नेला.

मी मागोमाग एसटीने गेलो. बाजारात दिसेल त्या बाईला थांबवून पुडी परत मागितली. लोक नुसता कागद देत नाहीत, जवळ्यासकट देतात, आणि चढ्या भावाने. आपलाच जवळा विकत घेऊन घरी आलो. कल्पिता वाटेभर पैसे मोजत बसली होती. मला तिचं ओरडणं परवडतं.

२२ जानेवारी
पानं नंबराप्रमाणे लावता लावता वाचू लागलो. यमुना नावाची बाई. नवरा जहाजावर गेलेला, सगळे म्हणतात तो बुडाला. हिला पटत नाही. एक दिवस ती एकटीच होडी पाण्यात ढकलते. जेवायची वेळ टळून गेली, मला भान नाही. असं माझं याआधी कधी झालेलं नाही. यमुनेला लांबवर एक दिवा दिसतो, आणि पुढचं शेवटचं पान नाही.

२३ जानेवारी
पुन्हा तळा. शेवटचं पान विनिता नावाच्या बाईकडे गेलं होतं. घर शोधून काढलं. तिने त्या पानाने चूल पेटवली होती. पण आधी वाचलं म्हणाली. वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

तिला विचारलं, नवरा भेटला का? तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पुस्तक तुमचंच ना?"

मी पाणी प्यायलो आणि निघालो.

२६ जानेवारी
उद्घाटन झालं. नवं कपाट, त्यात सुतळीने बांधलेली पानं, वर बाबांचा फोटो. भाषण दोन वाक्यांत आटोपलं. लोकांना चहा हवा होता.

कार्यक्रमानंतर केसरताई कपाटासमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं, आता रागावेल. रागावली नाही. म्हणाली, काय हाय रं यात? हॉलच्या पायरीवर बसून तिला यमुनेची गोष्ट सांगितली, दिव्यापर्यंत. चांगली सांगितली. ताई पुढे सरकून ऐकत होती.

"मंग?"

म्हटलं, पुढचं मग सांगतो.

ती हसली. म्हणाली, "बाबा पन पुस्तक आनलं की आठ दिसांनी इचारायचे, दत्तू, काय लिवलंय यात? तू हेच सांगायचास, मंग सांगतो."

मला असं काही आठवत नाही. विचारलं, मग बाबा काय म्हणायचे?

काय न्हाय, म्हणाली. बरं म्हनायचे, आनि नवीन आनायचे.