दादाची साक्ष

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा कुलूपदुरुस्ती, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहितो; माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आहे ते सोमवारच्या हृदयाच्या ऑपरेशनचे.

१. मी ख्रिस्ती आहे. लूथरन मंडळीत उभे राहून तसे सर्वांसमक्ष सांगितले. इथे लेखी देतो. माझे तारण माझ्या चांगुलपणाने नाही, देवाच्या कृपेने, फुकट. मामा म्हणाले, फुकट ते पौष्टिक. मामांना माझी छत्री. ती त्यांच्याकडेच आहे.

त्या रविवारी पाळकांनी विचारले, या विश्वासात मरेपर्यंत राहशील का? ‘मरेपर्यंत’ ऐकून माझी वाचाच बसली. मला घरी न्यायला आलेला दादा रागाने दाराशी उभा होता. त्यालाच राहवले नाही.

“अरे, बोल की. घरी पाठ करून करून डोकं खाल्लंस.”

सगळे हसले आणि माझ्या तोंडून ‘होय’ निघाले. पण थोरल्यानेच धाकट्याला बाटवले, असे नातेवाईक म्हणू लागले. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. दुकानात शेजारी बसून कानस हवी असली, तर वहिनीकडून निरोप देतो.

२. दुकानातला माझा अर्धा वाटा, लोखंड आवळून धरायचा शेगडा आणि चावी कापायचे मशीन दादाला. मला मंडळीच्या दफनभूमीत पुरले तरच, अशी अट घाल, असे मसुदा करून देणारा कोर्टाबाहेरचा अर्ज लिहिणारा म्हणाला. घातली नाही. अट घातली तर ते देणे कसले? मला तिथे पुरावे, एवढी विनंती.

कलम २ मधले देणे रद्द; विनंती कायम. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. कारण असे : मसुदा वाचून दाखवला, तेव्हा दादाने हात पुसून पेन मागितले. मी सांगितले, साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला यातून काही घेता येत नाही. तो शेगड्याचा दांडा नुसताच फिरवत राहिला.

“मग मला काही देऊ नकोस,” तो थेट मलाच म्हणाला. “तुला तिथे पुरायची वेळ आली, तर माझी सही बघून नात्यातलं कोणी तोंड उघडणार नाही. आणि तू मरतबिरत नाहीस.”

३. कलम २ मधले सर्व आता पुतणीला, दादाच्या मुलीला. वहिनीला काही देता येत नाही. तिच्या हातचे जेवण कायद्याने फिटणारे नव्हतेच.

वरील मजकूर दोघांना वाचून दाखवून, ऱ्हस्वदीर्घ तपासून, त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : ऑपरेशनआधीचा शनिवार

साक्षीदार :
१. (सही) मंडळीचे पाळक
२. (सही) सख्खा थोरला भाऊ

(‘सख्खा’ हा शब्द साक्षीदाराने स्वतःच्या हाताने घातला आहे.)