हजर, वाचन पूर्ण

बीड
रविवार, १८ जानेवारी २०२६

सुनिताताईस नमस्कार.

मी ठीक आहे. तुम्ही चौघं ठीक असाल, असं धरून लिहिते. अक्षर मोठं काढलं आहे. दाजींकडून वाचून घेऊ नकोस, धनश्रीकडूनही नको. आधी तू वाच. वेळ लागला तरी चालेल, तुमच्या टोळीतला बजरंग ट्रॅक्टरचं सामान घेऊन आजच बीडहून परत निघतोय, पत्र त्याच्याबरोबर देते आहे, पण उत्तर त्याच्या हातात लगेच द्यायचं नाहीये.

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. १२ डिसेंबरला तुमच्या वस्तीवरच्या शाळेतून वाचनाच्या अकरा फाइल आमच्या कार्यालयात आल्या. मुलं टॅबसमोर एक उतारा वाचतात, टॅब तो आवाज साठवतो, आणि मी ते तपासते. माझं काम हेच आहे.
२. सातव्या फाइलवर धनश्रीचं नाव आणि क्रमांक होता.
३. आवाज धनश्रीचा नव्हता.
४. फाइल स्पष्ट होती, म्हणून मी तिच्यापुढे 'योग्य' अशी खूण केली.
५. १० जानेवारीला मी वस्तीवर गेले. धनश्री तिथे नव्हती. ती दिवाळीपासून तुमच्याबरोबर माजलगावच्या बाजूला ऊसतोडीवर, कोपीत राहते आहे, हे मला त्या दिवशी कळलं.
६. १२ जानेवारीला मला संगणकात आणखी एक नोंद सापडली. ती तुझ्याबद्दल आहे.
७. १६ जानेवारीला मी साहेबांना लेखी अहवाल दिला.

एवढं वाचून तू पत्र बाजूला ठेवलंस तरी मुख्य गोष्टी तुला कळल्या आहेत. पण ठेवू नकोस.

वस्तीवर जायच्या आधी मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा फोन दाजींकडे होता, मागे टोळीतल्या बायका बोलत होत्या, आणि तू "बरं हाय समदं" म्हणून ठेवलास. "धनश्री कशी आहे?" असं मी विचारलं, तर म्हणालीस, "आहे की." मी 'कशी' विचारलं होतं, 'कुठे' विचारलं नव्हतं. तू खोटं बोलली नाहीस. मी प्रश्न नीट विचारला नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून पहाटेच्या गाडीने पाटोद्याला उतरले आणि तिथून जीपने आले. आधी तुझ्या घरी गेले. तुझ्या सासूबाई, छबुबाई, ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. निवडत म्हणजे हातानेच चाचपत होत्या. मी कोण हे त्यांना आवाजावरून कळलं.

"सुनीची बहीन का? बस बाई."

मी विचारलं, धनश्री शाळेत गेली का.

"शाळंत? ती तर आयबापाच्या मागं गेली उसाला. मला डोळ्याला दिसंना, पोरीला कशी ठिवू म्या? परवा भाकरीसंगं हातच तव्यावर टेकला." त्यांनी हात पुढे करून दाखवला. मग थांबून म्हणाल्या, "तुला इचारलं व्हतं म्हणं सुनीनं. तू न्हाई म्हणलीस. मग आता कावून इचारतीस, पोरगी कुठं हाय म्हणून?"

मी पाणी प्यायले आणि शाळेत गेले.

शाळेत दोन खोल्या, पाच वर्ग, हजेरीपटावर चोवीस मुलं, समोर तेरा. सुग्रीव सरांनी मला ओळखलं नाही, ओळखपत्र पाहून खुर्ची दिली. मी म्हटलं, बारा डिसेंबरला वाचलेल्या मुलांना पुन्हा वाचायला बसवा. सरांनी फळा पुसायला घेतला. पाचवीतली राजनंदिनी नावाची मुलगी मात्र आपणहून उठून पुढे आली. दोन वेण्या, चुरचुरीत बोलणारी.

"मॅडम, जे गेलेत त्यांचं मीच वाचलं. चौघांचं."

"सरांनी सांगितलं?"

"सर म्हणले, नावं राहिली पाहिजेत. पण सारखं नाही वाचलं मी. धनूला जोडाक्षर येत न्हाई, म्हणून तिच्या टायमाला मुद्दाम अडखळले." आणि खरोखर उत्सुकतेने तिने विचारलं, "बरूबर आलं का?"

मी म्हणाले, बरोबर आलं.

तिचं अडखळणं बरोबर होतं, ताई. चूक वेगळीच होती. गेल्या उन्हाळ्यात आईच्या वर्षश्राद्धाला मी बारा दिवस धनश्रीला वाचायला बसवलं होतं. ती प्रत्येक वाक्याआधी मोठा श्वास घेते, विहिरीत उडी मारायच्या आधी घेतात तसा. सातव्या फाइलमध्ये तो श्वास नव्हता. पहिल्या वाक्यालाच मला कळलं.

म्हणजे वर क्रमांक तीन आणि चार ज्या क्रमाने लिहिले आहेत, त्याच क्रमाने झाले. आधी मला कळलं, मग मी खूण केली. आवाज कोणाचा हे ठरवणं माझ्या कामात बसत नाही, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. शंका असेल तर नोंद करायची, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो मी इतरांना शिकवते. पण ती धनश्री नाही असं लिहिलं असतं, तर धनश्री कुठे आहे हे विचारावं लागलं असतं. आणि ते विचारलं असतं, तर ऑक्टोबरातलं सगळं परत निघालं असतं.

ते मी आता लिहितेच.

तू २ ऑक्टोबरला फोन केला होतास. सुट्टी होती, मी कपडे धूत होते. आई होती तोवर धनश्री दर हंगामात तिच्याकडे राहायची, आई गेल्यावरचा हा तुमचा दुसरा हंगाम. गेल्या वर्षी सासूबाईंना थोडं दिसत होतं, म्हणून निभलं. यंदा तू म्हणालीस, "तेजू, धनूला चार महिने तुझ्याकडं ठिवतीस का? काही त्रास देणार न्हाई. भांडी घासती ती." मी म्हणाले, खोलीत आम्ही दोघी, मी साडेनऊला जाते, सहाला येते, जमणार नाही. आणि पुढे असंही म्हणाले, की गावातलं हंगामी वसतिगृह सुरू होईल, तिथे ठेव, मी माहिती काढते. तू म्हणालीस, "बरं."

माहिती मी काढली नाही. वसतिगृह डिसेंबर उजाडला तरी सुरू झालं नव्हतं, हे मला वस्तीवर गेल्यावर कळलं. खोलीतली जोडीदारीण नोव्हेंबरातच लग्न होऊन गेली. तेव्हापासून मी एकटीच राहते. हे मी तुला कळवलं नाही. तुझ्या 'बरं'वर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं.

सुग्रीव सरांबद्दल थोडं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण तसा आला नाही. मुलं घरी सोडल्यावर ते म्हणाले, "रिपोर्ट करा, खुशाल करा. पट खाली आला की माझ्या जोडीचे सर जातेत. मग पाच वर्ग आन मी एकटा. होळीनंतर पोरं परत येतेत, तवा नाव नसलं तर कागद गोळा करत कोण हिंडणार? त्यांचे आयबाप?" मी म्हटलं, मुलं इथे हजर दाखवली तर ती जिथे आहेत तिथे त्यांना कोण शोधणार? ते हसले. "मॅडम, तुमची भाची निघाली म्हणून तुमी पाटोद्याला उतरलात. न्हाई तर बीडात बसून खूण करून मोकळ्या झाला असता."

खूण करून मी मोकळी झालेच होते.

परत येताना गाडीत मी तुझ्यावर चिडलेली होते. एक वर्षाची सायली आहे, तिला सांभाळायला तू धनश्रीला नेलंस, आणि शाळेचा विषय मनातून काढून टाकलास, असं मी ठरवलं होतं. तुला काय लिहायचं, याची वाक्यंसुद्धा तयार होती. सोमवारी कार्यालयात जाऊन धनश्रीच्या क्रमांकाची सगळी नोंद काढली, ती ह्या वाक्यांना पुरावा म्हणून.

तिथे एक ओळ होती. १६ डिसेंबर, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. माजलगावच्या बाजूच्या एका शाळेतून धनश्रीचा क्रमांक शोधला गेला. त्यांच्याकडेही आमचाच टॅब आहे. पडद्यावर उत्तर गेलं: मूळ शाळेत हजर, वाचन पूर्ण.

मी त्या शाळेत फोन लावला. तिथल्या बाईंना तू नीट आठवत होतीस. त्या म्हणाल्या, "एक बाई आली होती, तिच्या हातात कागद होता, त्यावर पोरीचा नंबर लिहिलेला. एक लेकरू कडेवर. मी नंबर टाकला तर पोरगी गावाकडं हजर. मी तिला तसं सांगितलं. तर ती म्हणाली, बाई, पोरगी तुमच्या म्होरं उभी हाय, हात लावून बघा, ती तिकडं हजर कशी आसंल? मी म्हटलं, अहो, यंत्र सांगतंय. दुसऱ्या ठिकाणी नाव चालू असताना मी कशी घेऊ?" त्यांनी तुला गावाकडून कागद आणायला सांगितलं. "मग पोरीनंच आईचा पदर ओढला. म्हणली, चल, ऊन व्हायलंय. परत काही आल्या नाहीत."

तू उसाच्या फडातून एक दिवस खाडा करून तिला शाळेत घेऊन गेली होतीस. ज्या खुणेमुळे तिला परत पाठवलं, ती खूण माझी होती. चार दिवस आधीची.

हे लिहायला मला सहा दिवस लागले. मध्ये संक्रांत गेली.

आणखी एक गोष्ट आहे. आईच्या ट्रंकेतून मी कागद आणले होते, त्यात तुझं चौथीचं प्रगतिपत्रक आहे. पहिल्या सत्रात गणितात पन्नासपैकी चव्वेचाळीस. दुसऱ्या सत्राचे रकाने कोरे, शेऱ्याच्या जागी 'गैरहजर'. मी तारखा जुळवून पाहिल्या. मी तेव्हा अकरा महिन्यांची होते आणि आई-आबा पहिल्यांदा मला घेऊन उसाला गेले होते. कोपीत मला कोण सांभाळत होतं, हे मी कधी विचारलं नाही. धनश्री आता चौथीत आहे.

आता पुढचं लिहिते.

अहवालात मी चार मुलांची नावं दिली. सुग्रीव सरांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं, वस्तीच्या शाळेला दुसरे शिक्षक राहू द्यावेत असंही लिहिलं. धनश्रीच्या नावापुढे आमचं नातं लिहिलं, आणि 'योग्य' ही खूण आवाज ओळखल्यानंतर केली, हेही लिहिलं. साहेबांनी वाचून कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "हे शेवटचं लिहायची काय गरज होती?" पुढे काय होईल ते सांगता येत नाही. कदाचित मला दुसरं काम देतील, कदाचित काढतील. काही झालं तरी खोली सुटत नाही. बाकीच्या तिघांच्या घरी मी अजून कळवलेलं नाही, ते या आठवड्यात करायचं आहे.

धनश्रीची खोटी नोंद मी काढली आहे. त्यामुळे तिचं नाव आता मोकळं आहे. पण ३१ जानेवारीपर्यंत कुठल्या तरी शाळेने ते घेतलं नाही, तर ती शाळाबाह्य मुलांच्या यादीत जाईल. त्या यादीतली मुलं पुढे कुठे जातात, हे मी तीन वर्षं पडद्यावर पाहते आहे. थोडी परत येतात.

दोन मार्ग आहेत.

एक, तुमच्या कोपीजवळची शाळा. त्या बाईंशी मी बोलले, त्या आता घेतील. दीड किलोमीटर चालावं लागेल. त्या असंही म्हणाल्या, की धाकटीला सोबत घेऊन बसली तरी मी काही म्हणणार नाही. त्यांना वाईट वाटलंय. धनश्री तुझ्याजवळ राहील, पण सायलीही तिच्याजवळच राहील. ते कसं चालेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरा, माझ्याकडे. खोलीपासून चौथ्या गल्लीत शाळा आहे, मुख्याध्यापिकांना मी भेटले. शाळा सुटल्यावर मी येईपर्यंत ती खालच्या सुभद्राबाईंकडे बसेल. त्या माझ्या घरमालकीण आहेत, बोलायला तिखट आहेत, पण त्यांनी मी न विचारताच हो म्हटलं. भांडी ती घासणार नाही. मग सायलीला फडात कोण पाहील, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आहे असं मी लिहिणार नाही.

धनश्रीला विचार. ऑक्टोबरात आपण दोघींनीही तिला विचारलं नव्हतं.

मी एसटीने तीन तासांत तुझ्याकडे येऊ शकले असते. आले नाही, कारण समोर बसले तर तू आधी माझ्यासाठी चहा टाकशील, मग म्हणशील, जाऊ दे, तेजू. मला ते ऐकायचं नाही.

बजरंगजवळ पिशवी दिली आहे. त्यात धनश्रीचा स्वेटर, सायलीची कानटोपी आणि तिळगूळ आहे. तुझं प्रगतिपत्रक मी माझ्याकडेच ठेवलं आहे. तुला हवं असेल तर देईन.

कोणती शाळा, ते बजरंगच्या फोनवरून मला कळव. मी तिथल्या शाळेत तिचं नाव घालायला यायचं की तिला घ्यायला यायचं, हे त्यावर ठरेल. रविवार, २५ जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर दे.

तेजश्री